आधी घडी, मग चित्र

शाहपुऱ्याच्या मनीषा मार्केटमध्ये जाऊन 'पुठ्ठा' मागितला, तर दुकानदार क्षणभर तुमच्याकडे बघत राहतो. इथं त्याला 'गत्ता' म्हणतात, आणि खळीला 'लेई'. भोपाळात वाढलेल्या मराठी घरांना ही दोन भाषांची कसरत नवी नाही. पण भाच्याच्या बँडच्या शंभर सीड्यांची पाकिटं घरीच करायची ठरली तेव्हा माझी ही कसरत चांगली महिनाभर चालली. चार मुलं, सात गाणी, चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण, आणि खिशात उरलेले पैसे एवढेच, की कुठल्या तयार पॅकेजिंगचा भावसुद्धा विचारू नये. त्या महिन्यात जे हाताला लागलं, जे बिघडलं आणि जे दुसऱ्या खेपेला सुधारलं, ते इथं सांगते. तुमचा बँड असेल, भजनी मंडळ असेल किंवा आजोबांच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटवरून नातवंडांनी सीडी केली असेल, काम तेच आहे.

आता सीडी घेतं कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आमच्याही घरात विचारला गेला. उत्तर असं, की कार्यक्रम आवडलेला माणूस बाहेर पडताना हातात धरायला काहीतरी घेतो. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमानंतर काका-मावश्या पाकीट उघडतात ते मोबाइलवरच्या दुव्यासाठी नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये सीडी प्लेअर अजून चालू आहे. आणि ज्यांच्याकडे तो नाही, त्यांच्यासाठी पाकिटावर क्यूआर छापता येतो. म्हणजे वस्तू म्हणून पाकीट महत्त्वाचं, तबकडी त्याच्या पोटात. म्हणूनच पाकिटाकडे लक्ष द्यायचं.

सगळ्यात मोठी चूक बहुतेक बँड पहिल्याच दिवशी करतात, आमच्या मुलांनीही केली. आधी मुखपृष्ठाचं चित्र ठरलं. त्यावर आठवडाभर वाद झाले, रंग बदलले, कुणाचा चेहरा मध्ये हवा यावरून अबोला झाला. मग ते चित्र घेऊन छापखान्यात गेल्यावर कळलं, की ज्या मापाचं ते केलंय त्या मापानं कागद वाया जातो आणि खर्च दीडपट होतो. काम उलटं सुरू करा. कोरा कागद घ्या, त्याची घडी घाला, जुनी सीडी आत सरकवून बघा, आणि ते पांढरं पाकीट हातात नीट बसल्यावरच चित्राचं नाव काढा.

ही काही आमची अक्कल नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमध्ये डिसकॉर्ड या चिमुकल्या कंपनीनं 'टीन आयडल्स' या पोरसवदा बँडची पहिली रेकॉर्ड काढली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका रेकॉर्डचं कव्हर चिकटवलेल्या जागी उलगडलं, सपाट करून गिरवलं, आणि त्या आराखड्यावरून हजारभर कव्हरं हातानं कापून, दुमडून, चिकटवून केली. तुम्हाला तर एवढंही करायला नको. घरात लग्नपत्रिकेची पाकिटं पडलेली असतात. त्यातलं एक वाफेवर धरून उलगडा. पाकीट म्हणजे काय असतं ते पाच मिनिटांत समजेल.

आता मापं. सीडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधलं भोक १५ मिलिमीटरचं. प्लास्टिकच्या ज्या कडक डबीत पूर्वी सीड्या यायच्या, ती १४२ गुणिले १२५ मिलिमीटरची आणि सेंटिमीटरभर जाड. ती घेऊ नका, असं मी आधीच सांगते. डबी आणि सीडी मिळून वजन शंभर ग्रॅमच्या आसपास जातं, टपालात बिजागरी मोडते, आणि मधल्या पकडीचे दात तुटले की सीडी आत खुळखुळ्यासारखी वाजते. शिवाय तिला पुढचं पत्रक वेगळं आणि मागचं कणा असलेलं पत्रक वेगळं लागतं, म्हणजे दोन छपाया, दोन कापण्या. पुठ्ठ्याचं पाकीट एका कागदात होतं.

आमचं माप इंचात ठरलं, कारण भोपाळचे छापखाने इंचातच बोलतात आणि डिजिटल छपाईचा नेहमीचा कागद १२ बाय १८ इंचांचा असतो. पाकिटाची पुढची बाजू ५ बाय ५ इंच, मागची तेवढीच, दोन्ही पुस्तकाच्या कव्हरासारख्या शेजारी-शेजारी. म्हणजे रुंदी १० इंच. मागच्या बाजूला वर आणि खाली अर्ध्या अर्ध्या इंचाचा ओठ, तो आत दुमडून पुढच्या बाजूला आतून चिकटतो. म्हणजे उंची ६ इंच. ६ गुणिले ३ बरोबर १८. एका कागदात तीन पाकिटं नेमकी बसतात, आणि बाजूला जवळपास दोन इंचांची उभी पट्टी उरते. तिचे तीन तुकडे केले, की प्रत्येक पाकिटामागे एक खूणपट्टी फुकटात मिळते. आम्ही तिच्यावर क्यूआर आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख छापली. शंभर प्रतींना ३४ कागद पुरतात, पण ४० सांगा. उरलेल्या सहांपैकी चार तरी शिकण्यात जातात.

कागदाच्या टोकाशी यंत्र काही मिलिमीटर जागा छापत नाही, म्हणून ओठांवर रंग नेऊच नका. तिथं तसाही गोंद लागणार आहे. कणा मात्र एका रेघेचा ठेवू नका. आत तबकडी आणि गाण्यांचं पत्रक गेलं की पाकीट फुगतं, आणि मध्ये एकच घडी असेल तर उघडं तोंड आ वासून बसतं. दोन मिलिमीटरच्या अंतरानं दोन रेघा मारा. एवढ्यानं पाकिटाला खांदे येतात आणि ते फळीवर उभं राहतं. ओठांचे कोपरे तिरपे कापा, नाहीतर ते कण्याशी अडतात. उघड्या तोंडाशी एक रुपयाचं नाणं ठेवून अर्धगोल गिरवा आणि कात्रीनं काढा, म्हणजे बोटाला सीडी धरता येते.

कागद कुठला? २५० ते ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड बहुतेक ठिकाणी मिळतो. त्याहून पातळ कागद लुळा पडतो, त्याहून जाड घरच्या हातांना दुमडत नाही. इथं एक गोष्ट विचारून घ्याच. कागदात तंतूंची एक दिशा असते. त्या दिशेनं घातलेली घडी सरळ आणि गुळगुळीत येते, आडवी घातली तर कड फाटल्यासारखी दिसते. ओळखायचं कसं? कोरा कागद दोन्ही हातांनी आधी लांबीकडून, मग रुंदीकडून हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूला तो मुकाट्यानं वाकतो, ती घडी तंतूंच्या दिशेची. आपल्या आराखड्यात कण्याची घडी कागदाच्या अठरा इंचांच्या बाजूला समांतर येते. त्यामुळे तंतू लांबीला धावणारा कागद हवा. छापखान्यातला मुलगा 'सब एक जैसा होता है' म्हणेल. त्याच्यासमोर वाकवून दाखवा.

डिजिटल छपाईत बहुधा शाई नसते, कागदावर भाजून बसवलेली पूड असते. गडद रंग घडीवर आला की ती पूड तडकते आणि पांढरी रेघ दिसू लागते. आमची पहिली आवृत्ती काळ्या पार्श्वभूमीची होती. दोन दिवसांत सगळ्या पाकिटांच्या कण्यावर भस्माचे पट्टे ओढल्यासारखं झालं. यावर दोन उपाय आहेत. एक, कण्यावर आणि ओठांच्या घडीवर फिका रंग ठेवायचा. दोन, घडी घालण्याआधी रेघ नीट दाबून घ्यायची. त्यासाठी संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी हे सगळ्यात चांगलं हत्यार. खाली जुनं मासिक ठेवा म्हणजे रेघ खोल बसते. तिसरा उपाय म्हणून छापखानेवाला लॅमिनेशन सुचवेल. दिसतं सुंदर, पण लॅमिनेशनवर पांढरा गोंद धरत नाही, आणि महिन्याभरानं पाकिटं आपोआप उमलतात. करायचंच असेल तर आपला आराखडा कामाला येतो. ओठ न छापलेल्या आतल्या कोऱ्या बाजूला चिकटावा अशी मांडणी करा आणि ओठांच्या बाहेरच्या बाजूवरून सँडपेपर फिरवून चमक घालवा.

छापखान्याचा भाव समजून घेतला तर अर्धं काम झालं. भोपाळात एमपी नगरच्या प्रेस कॉम्प्लेक्स भागात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत, आणि आजूबाजूला छपाईचा धंदाही. तिथं ऑफसेटचा भाव विचाराल तर शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना जवळपास सारखाच आकडा येईल, कारण चार रंगांच्या चार प्लेटा दोन्ही वेळेला कराव्याच लागतात. डिजिटलला प्लेट नाही. तिथं प्रत्येक कागदाचे पैसे. म्हणून शंभर-दोनशेपर्यंत डिजिटल, त्यापुढे ऑफसेटचा विचार. समजा, एका कागदाच्या एकतर्फी रंगीत छपाईला ३० रुपये पडले, तर तीन पाकिटांत वाटून एकाचे १० रुपये. याच कागदात कुणी दोनच पाकिटं बसवली, तर १५. आराखड्याचा फरक एवढा असतो.

आणखी स्वस्त आणि मला विचाराल तर आणखी देखणा मार्ग म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका छापणारे ते करतातच. खाकी क्राफ्ट कागद, एकच रंग, जाडसर शाई. हात फिरवला की अक्षर लागतं. रंगामागे एक पडदा करायचा खर्च एकदाच, म्हणून एका रंगात थांबा. लग्नसराई टाळून जा. मे महिन्यात तुमच्या शंभर पाकिटांकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. याहूनही कमी पैशांत करायचं असेल, तर रबरी शिक्का करून घ्या आणि घरीच मारा. शिक्का थोडा तिरका पडतो, शाई कमी-जास्त लागते, आणि त्यामुळे प्रत्येक पाकीट वेगळं दिसतं. फक्त क्यूआर शिक्क्यानं मारू नका. खाकी कागदावर तो मोबाइलला वाचता येईलच असं नाही. पांढऱ्यावर काळा, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नाही, आणि छापण्याआधी तीन वेगवेगळ्या फोनांवर तपासलेला असावा.

आता अक्षरं. हे मराठी वाचकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण भोपाळात याचा फटका हमखास बसतो. इथले बरेच डीटीपीवाले अजून कृतिदेवसारख्या जुन्या हिंदी फॉन्टवर काम करतात. तुम्ही युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर ते त्यांच्या फॉन्टात बदलतात, आणि त्या बदलात 'ळ' कधी 'ल' होतो, तर 'ऱ्या'तला अर्धा र रफार होऊन भलत्याच अक्षरावर बसतो. 'शाहपुऱ्यात' हा साधा शब्दसुद्धा धड येत नाही. एका गाण्याच्या नावातलं 'आभाळ' आमच्या पहिल्या नमुन्यात 'आभाल' होऊन आलं, आणि ऑपरेटरनं ते शांतपणे समजावलं की हिंदीत असंच लिहितात. म्हणून मजकूर पाठवूच नका, चित्र पाठवा. म्हणजे सगळी मांडणी घरी करून, अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करून, पीडीएफ द्या. मग कुणी चुकून सुधारणाही करू शकत नाही. ओठ सोडून बाकी कापल्या जाणाऱ्या कडांना तीन मिलिमीटर जादा रंग सोडा, चित्र ३०० डीपीआयचं ठेवा, आणि नमुन्याची एक प्रत कागदावर बघितल्याशिवाय होकार देऊ नका. मोबाइलच्या पडद्यावर पाहून हो म्हणणं म्हणजे मुलगी न बघता पत्रिका छापणं.

मुखपृष्ठाच्या चित्राबद्दल एकच. भोपाळात राहून गोंड चित्रशैलीचा मोह होतो. जनगढ सिंह श्याम यांना जगदीश स्वामिनाथन यांनी भारत भवनात आणलं, तेव्हापासून या शहरात गोंड चित्रकारांची पिढीच्या पिढी उभी राहिली. मग इंटरनेटवरून एक हरीण उचलून पाकिटावर ठेवायचं, असं होता कामा नये. ते हरीण कुणाच्या तरी हातचं असतं. चित्रकाराला भेटा, किती प्रती काढणार ते सांगा, पैसे ठरवा, आणि नाव मागच्या बाजूला स्पष्ट छापा. तेवढे पैसे नसतील तर बँडमधल्या कुणाच्या आईनं काढलेली रांगोळी वरून फोटो काढून वापरा. आमच्या पाकिटावर शेवटी तेच आहे.

नावांवरून आठवलं. सीडीच्या पाकिटावर काय छापायचं हे केवळ आवडीवर सोडलेलं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-ए प्रमाणे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना तबकडीवर आणि पाकिटावर तीन गोष्टी असाव्या लागतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइटच्या मालकाचं नाव-पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. छोटे बँड हे सर्रास विसरतात. मागच्या बाजूच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ ठेवली की पाकिटाचं काम झालं. तबकडीवरही ती ओळ लागते, त्याबद्दल पुढे येतं.

गाणी तुमची स्वतःची असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. नसतील तर वाचाच. तुकारामांच्या अभंगाचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण तुम्ही गाता ती चाल श्रीनिवास खळे यांची असेल, तर ती त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं संरक्षित आहे. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. गीतरामायणाचं घ्या. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित, आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. अशा गाण्याची स्वतःच्या आवाजातली सीडी काढायला परवानगी लागते. कलम ३१-सी मध्ये कव्हर व्हर्जनची सोय आहे खरी, पण तिथं मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. शंभर सीड्या काढणाऱ्याला ती परवडायची नाही. त्यापेक्षा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना किंवा आयपीआरएस या संस्थेला सरळ पत्र लिहून विचारणं बरं. किंवा अभंगाला स्वतःची चाल लावा. आमच्या मुलांनी तेच केलं, आणि ते गाणं सगळ्यात चांगलं झालं.

तबकडीकडे वळू. कारखान्यात साचा करून दाबलेल्या सीड्या शंभराच्या संख्येत परवडत नाहीत, म्हणून घरी लिहिलेली सीडी-आर. पन्नासच्या केक बॉक्समध्ये मिळते. दोन घ्या आणि वर दहा सुट्या. तबकडीत ८० मिनिटांचं ध्वनिमुद्रण मावतं. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. एमपी-थ्रीवरून सीडी करू नका, फेकून दिलेला आवाज परत येत नाही. आणि 'डेटा सीडी' नव्हे, 'ऑडिओ सीडी' लिहा, नाहीतर मावशीच्या जुन्या प्लेअरवर ती चालणार नाही. नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो, पण यूएसबीवर चालणारा रायटर मिळतो, किंवा कुणाच्या तरी माळ्यावर जुना डेस्कटॉप असतोच. सगळ्यात जास्त वेगानं लिहू नका. १६ पट वेगानं चाळीस मिनिटांचा अल्बम तीन-चार मिनिटांत होतो, अदलाबदल धरून पाच-सहा. शंभर सीड्यांना आठ-दहा तास. दोन रविवार धरा. प्रत्येक दहावी सीडी प्लेअरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. कंटाळा येतो, पण आमची चाळिसावी सहाव्या गाण्यात अडकत होती आणि त्यापुढच्या तीनही तशाच निघाल्या.

सीडीवर लिहिताना एक गैरसमज सोडा. लोक चमकणारी बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेननं खुशाल लिहितात. आवाज साठवलेला थर वरच्या बाजूला, पातळशा वार्निशाखाली असतो. खालच्या बाजूला मिलिमीटरभर प्लास्टिक तरी आहे, वर त्या वार्निशाशिवाय काहीच नाही. बॉलपेनचं टोक तो थर कायमचा चिरतं. सीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर वापरा. कागदी गोल लेबल तर मुळीच चिकटवू नका. ते केसभर जरी एका बाजूला गेलं तरी तबकडी फिरताना डुगडुगते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की गाडीतल्या प्लेअरमध्ये त्याची कड सुटते. ती सीडी मग बाहेर येत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत अजून कुणाच्या तरी बारशाची सीडी आहे, आणि ती काढायला मेकॅनिक पूर्ण डॅशबोर्ड खोलायला सांगतो.

देखणं हवं असेल तर भोकाभोवतीचं पारदर्शक कडं बघा. साधारण २० ते ४४ मिलिमीटर व्यासाच्या या भागात आवाज नसतो. तिथं प्लास्टिकवर टिकणाऱ्या शाईचा छोटा शिक्का बसतो, आणि मार्करनं प्रतीचा अनुक्रमांक लिहिता येतो. उरलेल्या चंदेरी भागावर मऊ मार्करनं बँडचं नाव, वर्ष आणि पत्त्याची ती ओळ.

गाण्यांच्या पत्रकाला ए-थ्री कागद घ्या, ९० जीएसएमचा. त्यात ११८ मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात, आणि प्रत्येक पट्टीत तेवढ्याच लांबीचे तीन चौकोन बसतात. पाठपोट छापलं की सहा पानं. नागमोडी घडी घाला. काळ्या शाईची साधी झेरॉक्स पुरते. त्यात गाण्यांचे शब्द, कोणी काय वाजवलं, कुठं मुद्रण झालं, कुणाच्या गच्चीवर तालीम झाली, हे सगळं लिहा. हे पत्रक लोक खरंच वाचतात. पाकिटावर गर्दी करण्यापेक्षा सगळा मजकूर इथं ढकला.

मग येतो भरण्याचा दिवस. लग्नपत्रिका भरताना घरात जशी बैठक बसते तशीच बसवा. कुणी रेघा ओढतो, कुणी दुमडतो, कुणी गोंद लावतो, कुणी दाबून ठेवतो. एकाच माणसानं एक पाकीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचं ठरवलं तर ती बैठक सकाळपर्यंत चालते. चहा-चिवडा वेगळ्या खोलीत. आर्ट कार्डवरचा तेलकट अंगठा पुसून जात नाही. आजीनं गव्हाच्या पिठाची खळ करून द्यायची तयारी दाखवली होती, मोरचूद घालून, कसर लागू नये म्हणून. तिच्या काळात वह्या तशाच बांधायचे. पण खळीत पाणी फार, कार्ड लाटेसारखं वाकतं, आणि मोरचूद विषारी आहे, लेकराबाळांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत नको. साधा पांढरा गोंद घ्या, थेंबभर, जुन्या व्हिजिटिंग कार्डानं ओठावर पसरून. बाहेर ओघळला तर जास्त झाला. दहा-दहा पाकिटांचा गठ्ठा करून वर जाड ग्रंथ ठेवा. आमच्याकडे ज्ञानेश्वरी आणि टेलिफोन डिरेक्टरी होती. रात्रभर सुकू द्या. सीडी ओल्या पाकिटात घालू नका, आत दमटपणा असतो आणि ताजा गोंद सीडीला चिकटतो. जुलै-ऑगस्टात तर दोन दिवस थांबा. तळ्याच्या बाजूच्या घरांत कागद नुसता ठेवला तरी वळतो.

बाहेरून प्लास्टिक फिल्म लावायची हौस असते. सोडून द्या. लग्नपत्रिकांवरची तशी फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाली आहे, आणि हातानं केलेल्या पाकिटाला हात लागू न देणं हे तसंही विचित्रच.

बाहेरगावी पाठवायच्या प्रतींसाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. पाकीट साधारण साडेदहा ग्रॅम, तबकडी पंधरा-सोळा, पत्रक चार. म्हणजे तीसच्या आसपास. वर खाकी लिफाफा सात-आठ ग्रॅम. आधाराला सहा इंचांचा एक पुठ्ठा घातला की सात, एकूण पंचेचाळीस. दोन पुठ्ठे घातले तर पन्नासची मर्यादा ओलांडते आणि स्पीड पोस्टाचा पुढचा दर लागतो. एकच पुठ्ठा पुरतो. पूर्वी आम्ही रजिस्टर्डनं पाठवायचो. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. लिफाफ्यावर पिन मारू नका, टाचणी तर नकोच.

पहिल्या कार्यक्रमाला निघण्याआधी पाच प्रती बाजूला काढून ठेवा, क्रमांक न घालता, कोरड्या डब्यात. वेव्ह फाइल, पाकिटाचा पीडीएफ आणि पत्रक एका पेन ड्राइव्हवर घालून तोही त्याच डब्यात. पुन्हा छापायची वेळ येते तेव्हा लॅपटॉप बदललेला असतो आणि ड्रमर पुण्याला गेलेला असतो. आमची दुसरी शंभराची खेप त्या डब्यातूनच झाली. तिच्यात 'आभाळ' बरोबर आहे.